खिळ्यावरची काठी

१

प्राध्यापक गेले तेव्हा वीज बंद होती. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

वीज बंद होती याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. मुख्य खटका खाली पाडलेला होता, त्याची किल्ली प्राध्यापकांच्याच खिशात सापडली, जाळीच्या पिंजऱ्याचं दार त्यांनी स्वतः उघडलं होतं. असं असताना भर दुपारी, मोठ्या खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलेलं असताना, उभा जन्म विजेच्या संगतीत काढलेला माणूस केबलच्या टोकाला हात लावतो काय आणि जागच्या जागी कोसळतो काय. पोलिसांनी पंचनामा केला, घातपाताची चिन्हं दिसत नाहीत असं लिहिलं आणि कागद विद्युत निरीक्षकांकडे धाडून दिले.

निरीक्षकबाई पन्नाशीच्या, अंगाने काटकुळ्या आणि तोंडाने फटकळ होत्या. विजेने माणूस दगावला की त्यांच्या खात्याला चौकशी करावीच लागे, आणि अहवालाच्या शेवटी कारण लिहावं लागे. खात्यात एक कारण फार आवडीचं होतं, 'मृताचा निष्काळजीपणा'. मेलेला माणूस हरकत घ्यायला येत नाही, त्यामुळे त्याच्या नावावर काहीही खपतं. बाईंना या दोन शब्दांचा मनस्वी राग होता, आणि त्या रागापायी त्यांची बढती दोनदा हुकली होती.

"तुमचा फार वेळ जाणार नाही," विभागप्रमुख त्यांना प्रयोगशाळेत नेताना म्हणाले. "प्रकरण सरळ आहे."

"सरळ प्रकरणं मला भेटत नाहीत हो," बाई म्हणाल्या. "चला, बघू."

पिंजऱ्यात, लाकडी घोड्यांवर, मनगटाएवढी जाड काळी केबल आडवी ठेवली होती. प्राध्यापकांचं सगळं आयुष्य या केबलमध्ये गेलं होतं. समुद्रात दूरवर उभ्या केलेल्या पवनचक्क्यांची वीज किनाऱ्यावर आणायची तर तळाशी लांबच लांब केबल टाकावी लागते, आणि तिच्यातून एकाच दिशेने वाहणारी, प्रचंड दाबाची वीज सोडावी लागते. मेख अशी, की या विजेचा थोडाथोडा साठा केबलच्या प्लास्टिकच्या आवरणात अडकून बसतो आणि एके दिवशी आवरण तिथेच फुटतं. प्राध्यापक न फुटणारं आवरण शोधत होते, आणि ते जवळजवळ सापडलं होतं. येत्या हंगामात त्यांची केबल समुद्रात उतरायची होती.

पण हा अडकलेला साठा खटका पाडून जात नाही. वीज बंद केली तरी केबल माणूस मारू शकते. म्हणून काठी असते. लांब काठी, टोकाला पितळेचा आकडा, आकड्यापासून निघालेली जाड तार, आणि तारेचं दुसरं टोक भिंतीवरच्या तांब्याच्या पट्टीला चिमट्याने आवळलेलं. पट्टी खाली जमिनीत गेलेली. काठीचा आकडा केबलला टेकवला की साठा चट्ट आवाज करून जमिनीत उतरतो. मग काठी केबलवरच टांगून ठेवायची, कारण साठा हळूहळू पुन्हा डोकं वर काढतो.

भिंतीवर ठळक अक्षरांची पाटी होती: 'बंद केबल म्हणजे मेलेली केबल नव्हे. चट्ट ऐका. काठी टांगा. मग हात लावा.' ही पाटी बाईंच्या कचेरीतही होती. ती प्राध्यापकांनीच लिहिलेली होती, हे त्यांना आज कळलं.

"आणि काठी तिथे होती," विभागप्रमुखांनी बोट दाखवलं. "जागच्या आकड्यावरसुद्धा नाही. त्या खालच्या खिळ्यावर, जिथे आम्ही ॲप्रन अडकवतो. म्हणजे त्यांनी ती हातातच घेतली नाही. लोकांना नियम शिकवले आणि स्वतः... दिव्याखाली अंधार, दुसरं काय."

काठीची खरी जागा वर होती, चांगल्या उंच माणसाने हात वर केला तर पोहोचेल अशी. बाईंनी टाचा उंचावून बघितलं. त्यांचा हात पुरला नाही.

"प्राध्यापक उंच होते?"

"सहा फुटांच्या वर. का?"

"मग त्यांना वाकून खालच्या खिळ्यावर काठी अडकवायची काय हौस होती?" बाई म्हणाल्या.

२

प्राध्यापकांच्या घराच्या दाराशी बाईंनी बेल दाबली. आवाज आला नाही. पुन्हा दाबली. खिडकीच्या काचेतून आतला एक दिवा दोनदा लागून विझलेला दिसला आणि पाठोपाठ दार उघडलं.

"बेल बिघडली आहे वाटतं तुमची," बाई म्हणाल्या.

"हो. करून घ्यायची राहिली," प्राध्यापकांच्या पत्नी म्हणाल्या. विद्यार्थी त्यांना काकू म्हणत. आवाज खणखणीत, एकेक शब्द सुटा, आणि बोलताना थेट समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय. बाहेरच्या खोलीत शिवणयंत्रं ओळीने मांडलेली होती. इतक्या यंत्रांच्या खडखडाटात मुलींना शिवण शिकवायचं तर आवाज चढणारच, असं बाईंनी मनाशी म्हटलं.

पाणी आलं, चहा आला. काकूंनी रडून घेतलेलं दिसत होतं, पण आत्ता त्या ताठ बसल्या होत्या.

"एकच सांगायचंय तुम्हाला," त्या म्हणाल्या. "ते निष्काळजीपणाने गेले असं लिहू नका. घरातला पंखा दुरुस्त करायचा तरी हा माणूस फ्यूज काढून खिशात ठेवायचा, वर मला दाराशी उभं करायचा. काठी न लावता ते आत जाणार नाहीत. कुणीतरी काढलीय ती. कुणी, ते शोधा."

"समजा, शोधलं. त्यातून आणखी काही निघालं तर?"

"निघू दे. त्यांना गाढव ठरवून मोकळे होऊ नका, एवढंच म्हणणं आहे माझं. त्यांचे प्रमुख काल येऊन म्हणाले, केबलचं काम थांबायला नको, चौकशी लांबवू नका. माझा माणूस गेला आणि यांना केबलची घाई. केबल काय, ती जाईल समुद्रात. पण त्यांनी लिहिलेली पाटी ज्या ज्या भिंतीवर आहे, तिथे लोक हसतील हो."

बोलताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला.  अशा वेळी बाई सरकारी प्रश्न विचारत.

"तब्येत कशी होती त्यांची?"

"ठणठणीत," काकू लगेच म्हणाल्या. मग कप उचलून आत निघाल्या, कपात चहा तसाच होता. "तब्येतीचा इथे काय संबंध?"

काकूंनी असं विचारलं नसतं तर बाईंनाही संबंध दिसला नसता.

३

विभागप्रमुखांनी आपल्या खोलीत फार काही लपवलं नाही. लपवण्याइतका त्यांना प्राध्यापकांचा आदरही नव्हता.

"आमचं पटत नव्हतं, सगळ्यांना माहीत आहे. गेलं वर्षभर तर त्यांनी कमालच केली होती. फोन उचलायचे नाहीत. निरोप लिहून पाठवा म्हणायचे. बैठकीत मी एक विचारावं आणि त्यांनी भलतंच उत्तर द्यावं. मी रजेबद्दल विचारलं तर हे आवरणाच्या जाडीबद्दल बोलले. सगळे हसले. माझा अपमान करायचा तर सरळ करावा ना माणसाने."

"तुम्ही काय केलंत?"

"मी बैठकीत त्यांना विचारणंच सोडून दिलं."

"अपघाताच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. परीक्षकांबरोबर. विचारा त्यांना." बाईंनी विचारलं होतं. माणूस आढ्यताखोर असला तरी खोटारडा नव्हता.

प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे सामानाची कोठी होती. भिंत पातळ, पत्र्याची. कोठीचा सांभाळ करणारा माणूस गलेलठ्ठ आणि बोलघेवडा होता. सगळे त्याला भांडारी म्हणत.

"मी शिडीवर होतो बाई, वरच्या फळीवर. अंग हे असं, त्यामुळे चढायला वेळ लागतो आणि उतरायला त्याहून. तेवढ्यात सर ओरडले."

"सरच?"

"दुसरं कोण? आत तेच होते. आवाज मात्र अगदी बारीक होता, सरांचा कधी तसा ऐकला नाही. मरताना माणसाचा आवाज बदलतो म्हणतात. ओरडले, आणि लगेच धप्प झालं. मी उतरेपर्यंत चट्ट असा आवाज आला. धावत गेलो तर सरांची विद्यार्थिनी, भोंगा म्हणतात तिला सगळे, ती सरांच्या छातीवर दाब देत होती. पिंजऱ्याबाहेर ओढलं होतं तिने त्यांना. मला म्हणाली, गाडी बोलवा. मी फोनकडे पळालो."

बाईंनी त्याला थांबवलं. "पुन्हा सांगा. आधी ओरडणं, मग धप्प, मग चट्ट?"

"हो."

"त्याच्या आधी चट्ट नाही?"

भांडाऱ्याने डोकं खाजवलं. "नाही बुवा. रोज ऐकतो मी तो. रोज मधून येतो, पिंजऱ्यातून. त्या दिवशी मात्र अगदी माझ्या कानाशी आला, इथे, भिंतीला लागून. दचकलो मी. शिडीवरून पडता पडता वाचलो."

बाईंनी हात पुढे करून ती भिंत चाचपली. पत्र्याच्या पलीकडे, बरोबर तिथेच, तांब्याची पट्टी होती.

४

विजेचा झटका छातीतून गेला की माणसाला ओरडायला वेळ मिळत नाही. ओरडणं पडण्याच्या आधीचं होतं, आणि आवाज बारीक होता. तो कुणाचा हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. बाईंना काळजी वेगळीच होती. त्या पट्टीकडे गेल्या, टेबल बाजूला ओढलं आणि गुडघ्यांवर बसल्या.

जुनं तांबं काळवंडलेलं असतं. इथे चिमट्याखाली आणि त्याच्या आजूबाजूला ते नव्या भांड्यासारखं चकचकीत होतं. ज्या चिमट्याला वर्षानुवर्षं हात लावायचा नसतो, तो कुणीतरी पुन्हा पुन्हा काढून बसवत आलं होतं. आणि चकचकीत भागाच्या कडेला ताजा, काळा, जळका ठिपका होता.

"मुलीला बोलवा," बाई म्हणाल्या.

भोंगा प्राध्यापकांकडे पीएचडी करत होती. हे नाव सरांनीच ठेवलेलं, कारण तिचा आवाज इतका लहान की शेजारच्यालाही कान द्यावा लागे. भोंगा वाजला का, असं ते वर्गात विचारत आणि सगळी खोली हसे, तीही हसे. अंगानेही ती लहानखुरी होती. आज तिचे डोळे सुजले होते आणि ओठ सुकले होते.

"पोलिसांना तू सांगितलंस की आवाज ऐकून आत आलीस."

ती काहीतरी बोलली. बाईंना खुर्ची पुढे ओढावी लागली.

"हो," ती पुन्हा म्हणाली.

"इतकं हळू बोलतेस, सरांना ऐकू कसं जायचं गं?"

"सर फळ्यावर लिहायला सांगायचे. वर्षभर सगळं फळ्यावरच. लिहिलं की विचार स्वच्छ होतात म्हणायचे."

 बाईंच्या मनात काहीतरी टोचून गेलं आणि निसटलं. त्यांनी हातातलं काम आधी करायचं ठरवलं.

"मी सांगते, तू ऐक. चुकलं तर थांबव. चट्ट आवाज पडण्याच्या आधी झाला नाही, नंतर झाला. म्हणजे सरांनी हात लावला तेव्हा केबलमध्ये साठा होता, आणि ते पडल्यावर कुणीतरी तो जमिनीत उतरवला. बरोबर? आता, काठी नुसती उचलून केबलला टेकवली असती तर ठिणगी केबलपाशी पडली असती. पण ती पडली पट्टीपाशी, भिंतीला लागून. भांडारी शिडीवरून पडणार होता. ठिणगी पट्टीपाशी कधी पडेल? जेव्हा काठी आधीपासूनच केबलवर टांगलेली असेल आणि कुणी सुटलेला चिमटा आणून पट्टीला लावेल तेव्हा."

मुलीने मान खाली घातली.

"म्हणजे काठी सरांनी टांगली होती. नियमाप्रमाणे. फक्त तिची तार जमिनीला जोडलेली नव्हती. तिचा चिमटा पट्टीवरून सोडवला होतास तू. आणि नंतर काठी काढून जिथे तुझा हात पोहोचतो त्या खिळ्यावर अडकवलीस, तूच."

भोंगाने नाही म्हटलं नाही.

५

ती बोलली तेव्हा बाईंनी दार लावून घेतलं, एकही शब्द सुटू नये म्हणून.

केबलमधला साठा मोजायचा तर केबल सगळ्यांपासून तोडून एकटी ठेवावी लागते. अडकलेला साठा इतका थोडा, की मापात जराशी खरखर आली तरी आकडा वाया जातो. काठीची ती लांब तार बाहेरची सगळी गुणगुण गोळा करते. चिमटा सोडला की माप स्वच्छ येतं. हे तिने एकदा करून पाहिलं, मग दरवेळी करू लागली. माप झालं की चिमटा लावायची. कधी चुकली नव्हती. सरांनी याला सक्त मनाई केली होती, पण सर तिचे आकडे बघून इतके खूश व्हायचे की तिला सांगवेना.

"त्या दिवशी विसरलीस?"

"शेवटचा आकडा आला आणि तोच हवा होता. आवरण टिकलं होतं, सरांचं गणित खरं ठरलं होतं. मी फळ्यावर लिहीत होते. सर म्हणाले, मी टोक सोडवून आणतो. मी हो म्हटलं."

"आणि आठवलं कधी?"

"ते आत गेल्यावर. पाठमोरे होते. पण मला वाटलं, काही होणार नाही. चिमटा घट्ट दिसतो आणि आतून सुटलेला असतो, म्हणून सर सांगायचे, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, कानांवर ठेवा. चट्ट झालं नाही की मागे फिरा. त्यांनी काठी टेकवली. चट्ट झालं नाही. मला वाटलं, आता फिरतील. त्यांनी काठी टांगली आणि हात पुढे केला."

तिने स्वतःचा हात तसाच पुढे करून दाखवला. 

"मी ओरडले. म्हणजे मला वाटलं मी ओरडले. ते वळलेच नाहीत. बाई, माझा आवाज फुटलाच नाही. आयुष्यभर फुटला नाही तो तेव्हा कुठून फुटणार. घशातच राहिला. मग मी पळत जाऊन चिमटा लावला, चट्ट झालं, आणि त्यांना ओढलं. ते गेले होते."

"काठी का काढलीस?"

"घाबरले. टांगलेली दिसली असती तर लगेच तार बघितली असती कुणीतरी. भांडारी फोनला गेले तेवढ्यात काढली. सरांवर बोट दाखवतील हे मला सुचलंच नाही. नंतर सुचलं, तेव्हा तोंड उघडलं नाही. काकूंना तोंड दाखवायला गेलेले नाही मी अजून."

बाईंना तिचा राग आला आणि दयाही आली. दोन्ही एकदम आलं की त्या उठून खिडकीशी जात, तशा गेल्या. गुन्हा झाला होता. मुलीने कबूल केला होता. अहवाल इथेच संपायला हरकत नव्हती.

पण भांडाऱ्याने ते ओरडणं पत्र्याच्या भिंतीपलीकडून ऐकलं होतं. मग तिच्यासमोर, त्याच खोलीत असलेल्या माणसाने ते का ऐकलं नाही? आणि ज्याने सगळ्या देशाला चट्ट ऐकायला शिकवलं, तो चट्ट न ऐकता हात पुढे कसा करतो?

फोन उचलायचे नाहीत. एक विचारलं तर दुसरं सांगायचे. फळ्यावर लिही. आणि दिवसाढवळ्या, बेल दाबली की लागणारा दिवा. तो बिघाड नव्हता. वीज जाणणाऱ्या माणसाने फार व्यवस्थित केलेली ती जोडणी होती.

"चल माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"काकूंकडे. आज ना उद्या जायचंच आहे तुला."

६

शिवणाचा वर्ग बंद होता. यंत्रांवर चादरी टाकलेल्या होत्या. भोंगा दाराशीच उभी राहिली, काकूंनी बस म्हटलं तरी बसेना.

बाईंनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. काठी त्यांनी टांगली होती. तिची तार सुटलेली होती हे त्यांना माहीत नव्हतं. ती कुणी सोडली, तेही सांगितलं. काकू मुलीकडे बघत राहिल्या. या मुलीने या घरात कितीदा जेवून ताट घासलं होतं, परीक्षेच्या आधी पुढच्या खोलीत मुक्काम ठोकला होता.

"तू?" काकू एवढंच म्हणाल्या.

भोंगाने मान हलवली. तिचे ओठ हलले, पण काही ऐकू आलं नाही.

"तुम्ही विचारलं होतंत कुणी, म्हणून सांगितलं," बाई म्हणाल्या. "निष्काळजीपणा मी लिहिणार नाही. काठी लावूनच ते आत गेले, हे मी सिद्ध करू शकते. तुम्हाला हवं होतं ते झालं, ताई. इथे थांबलं तरी चालेल."

"मग थांबत का नाही तुम्ही? अजून उभ्या आहात."

"कारण एक गोष्ट मला माहीत आहे, आणि या मुलीला माहीत नाही. ती मी सांगू नये. सांगायची तर तुम्ही." बाई मुलीकडे वळल्या. "तू ओरडलीस तेव्हा काय झालं, ते काकूंना सांग."

भोंगाने सांगितलं. फार हळू, पण काकूंना पुन्हा विचारावं लागलं नाही, इतकी खोली शांत होती. ओरडले असं वाटलं. सर वळले नाहीत. आवाज फुटला असता तर सर वाचले असते.

काकू बराच वेळ हाताखालच्या चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिल्या. बोलल्या तेव्हा त्यांचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. इतकं हळू त्या गेल्या वर्षभरात कुणाशी बोलल्या नसतील, बोलायची सोयच नव्हती.

"उजवा कान आधी गेला," त्या म्हणाल्या. "मग डावा. डॉक्टर म्हणाले, वाढतच जाणार. यंत्र लावा म्हणाले. ते लावलं की दिसलं असतं सगळ्यांना. आणि नियम आहे, ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला पिंजऱ्यात जायला बंदी. तो नियमही यांनीच घातलेला. मी म्हटलं, आता बास करा. म्हणाले, केबल समुद्रात उतरू दे, मग घरीच बसतो, तुझ्या मुलींच्या शिलाया बघत. माझ्याकडून वचन घेतलं, कुणाला सांगायचं नाही. मी दिलं. मला वाटलं, ही मुलगी आहे तिथे, ती बघेल. आणि हिला वाटलं, सरांचे कान आहेत."

"हिचं ओरडणं पत्र्याच्या भिंतीपलीकडे भांडाऱ्याला ऐकू आलं होतं," बाईंनी काकूंना हळूच सांगितलं. बाईंना वाटलं, आपण इथे यायला नको होतं, आणि त्याच वेळी वाटलं, यायलाच हवं होतं.

"लिहा तुम्ही," काकू त्यांना म्हणाल्या. "ते बहिरे झाले होते हे लिहा. बायकोला ठाऊक होतं, तिने तोंड उघडलं नाही, हेही लिहा. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मला त्यांचं नाव वाचवायचं होतं. त्यापायी ही पोर जन्मभर तो आवाज घशात धरून बसली असती, तर त्यांनीच मला माफ केलं नसतं."

"हिच्यावर कारवाई होईल," बाई म्हणाल्या. "ते माझ्या हातात नाही."

"होईल. चूक केलीय तिने. मीही केलीय. माझ्यावर कोण करणार?" त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि मुलीसमोर उभ्या राहिल्या. सवयीने तोंड तिच्या तोंडासमोर आणलं, मग भान येऊन जरा बाजूला झाल्या. "ऐक. तू ओरडली होतीस. भिंतीपलीकडच्या माणसाने ऐकलं. तुझा आवाज फुटला होता. त्यांना मागून कुणी कितीही ओरडलं असतं तरी ऐकू गेलं नसतं. मी ओरडले असते तरी नाही."

"खरंच फुटला होता?" भोंगाने विचारलं.

"फुटला होता."

मुलगी खाली बसली, तिथेच उंबरठ्यावर, आणि रडू लागली. आधी नेहमीसारखी, आवाज न करता. मग तो मोठा होत गेला, रस्त्यावर जाईल इतका. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावलं. काकू तिच्या शेजारी बसल्या, दार तसंच उघडं ठेवलं, आणि तिला गप्प कर असं कुणाला म्हणू दिलं नाही.